शुद्धिपत्रातला शिपाई

जळगावहून धरणगावकडे एस.टी.नं निघालं, की वाटेत एका फाट्यावर सिमेंटची कमान लागते. दोन्ही खांबांवर तोफा, वर शिंगं उगारल्यासारखी दोन निशाणं, आणि मधे ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'शत्रूच्या चौकीवर एकट्याने चालून जाणारे वीर हवालदार दगडूनाना यांच्या स्मरणार्थ.' ती कमान आली की मी तोंड फिरवते. त्यातला तो 'एकट्याने' वाचला की अजून डोकं भणाणतं माझं. मागे एकदा शेजारच्या बाईनं काळजीनं विचारलं, "अक्का, उलटी होतेय का? खिडकीत बसता का?" म्हटलं, "हो गं बाई, उलटीच समज."

तो शब्द पुस्तकात पहिल्यांदा छापला गेला तो आमच्या छापखान्यात. छापण्याआधी तपासला मी.

माझी सगळी नोकरी जळगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेली. मुद्रितशोधक म्हटलं की लोकांना वाटतं बाई पोलिसखात्यात होती. तर सांगते. त्या काळी एकेक खिळा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, हातानं उचलून ओळ जुळवायची. जुळणी झाली की तिच्यावर शाई फिरवून एक कच्चा कागद काढायचा. ते प्रूफ. मूळ हस्तलिखिताशी ते ताडून चुका काढायच्या, हे माझं काम. एकटीनं होत नाही ते. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफावर डोळा ठेवायचा. आमच्याकडे वाचायला वामनराव होते. दम्याचे पेशंट, आवाज दळणाच्या गिरणीसारखा एकसुरी, आणि विरामचिन्हांसकट वाचायचे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून स्वल्पविराम' असं. लग्नपत्रिका असो की दहाव्याचं पत्र, वामनरावांना सगळं सारखंच.

आमचे मालक मदनशेठ. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण बोलणं पक्कं जळगावी. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "अक्का, कागदावर गाढव असेल तर गाढव छापायचं. त्याचा घोडा करायला जायचं नाही." मी ते पाळलं. अमळनेरच्या एका गड्यानं पोराच्या लग्नपत्रिकेत स्वतःच्या नावापुढे 'पाटील' छापून घेतलं. पाटीलकीशी त्याचा सात पिढ्यांत संबंध नव्हता. आम्ही हसलो आणि छापलं. चार-पाच वर्षांनी तो दुसऱ्या पोराची पत्रिका घेऊन आला, तर बरोबरचे लोक त्याला 'पाटील, पाटील' करत होते! छापलं की खरं, असा आमच्या मुलखाचा न्याय. दगडूनानांची सगळी भिस्त याच न्यायावर होती.

पंचाऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. धरणगावकडची एक गौरव समिती नानांचं चरित्र छापायला घेऊन आली. अध्यक्ष आप्पासाहेब, कापसाच्या जिनिंगचे मालक, पुढच्या निवडणुकीवर डोळा. लेखक कॉलेजातले एक प्राध्यापक. त्यांचं नाव लिहीत नाही. आहेत अजून, आणि व्याख्यानं देतात. नानांनी एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर शत्रूची चौकी घेतली होती आणि राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतलं होतं. एवढा माणूस, मग पुस्तक कसं हवं? हस्तलिखित हातात आलं तेव्हा मी खरंच उत्सुक होते हो. रोज पंचांगं आणि सोसायट्यांचे अहवाल वाचून डोळे आंबले होते.

पहिली काही पानं मंत्र्यांचे, आमदारांचे, बँकेच्या चेअरमनचे संदेश आणि फोटो. मग आप्पासाहेबांचं मनोगत. मग खानदेशचा इतिहास. मग तापी-गिरणेचं माहात्म्य. नाना जन्माला येईतो माझा चहा दोनदा झाला. आणि जन्मले ते पाळण्यातच मूठ आवळून जन्मले. बाई गं! आमच्याकडे तोवर जेवढे गौरवग्रंथ छापले, त्या सगळ्यांतली बाळं पाळण्यात मूठ आवळूनच होती. त्यातला एक तर पतपेढीचा मॅनेजर होता.

नाना स्वतः छापखान्यात आले ते दुसऱ्या आठवड्यात. उंच, वाळलेला माणूस, धोतर-सदरा, पायात मात्र फौजी बूट. शाळा चौथीपर्यंत. मराठी अक्षर लावत लावत वाचायचे. मला त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "अक्का, तुमी मोठ्यानी वाचतस असं समजनं. मी कोपऱ्यात बसू का? मनं पुस्तक शे, मी आयकसू."

लेखकाला आम्ही बसू देत नसू, पण ज्याचं चरित्र त्यानं येऊन बसण्याबद्दल काही नियमच नव्हता. बसवलं स्टुलावर.

वामनरावांनी सूर लावला. "बालपणीच दगडूनानांनी रानात बिबट्याशी झुंज दिली उद्गारचिन्ह."

"कोनी दिनी?" नाना म्हणाले.

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी? अक्का, बिबट्या ते मी सर्कसमा बी लांबतीनच दखा!"

वामनराव हसता हसता खोकल्यात गेले. नानाही हसले. तेव्हा त्यांना अजून हसू येत होतं. रोज यायचे मग. खोटं निघालं की मान हलवायचे, 'जाऊ द्या, लोकेसले आवडतं' म्हणायचे. एकदा मी विचारलं, "नाना, एवढं खोटं चालवून घेता, मग पुस्तक करायला हो कशाला म्हणालात?"

ते म्हणाले, "एकच गोट खरी छापाले पाहिजे. बाकी बठ्ठं त्यास्नं, ती एक मनी." बाकी सगळं त्यांचं, ती एक माझी.

ती गोष्ट ज्या पानावर असायला हवी होती, ते पान आलं. वामनराव वाचू लागले. "गोळ्यांच्या वर्षावात हवालदार दगडूनाना एकट्याने शत्रूच्या चौकीवर तुटून पडले उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह."

नाना उठून उभे राहिले. "पुढे वाचा."

पुढे तिरंगा फडकला होता.

"मधलं वाचा. भिकानं."

भिकाचं वाचा म्हणत होते ते, पण मधे काही नव्हतं. वामनरावांनी पानं मागं-पुढं केली. भिका कुठेच नव्हता. एक वाक्य तेवढं होतं, 'आपल्या यशाचे श्रेय सहकाऱ्यांना देण्याइतका विनय त्यांच्या ठायी आहे.'

नाना खाली बसले ते स्टुलावर नाही, जमिनीवर. आणि तिथं, खिळ्यांच्या खणांना टेकून, त्यांनी सांगितलं. भिका अहिरे, धुळ्याकडच्या पांझराकाठच्या एका खेड्यातला, बौद्धवाड्यातला. पलटणीत दोघंच खानदेशी, म्हणून दोघं एका ताटात जेवत आणि अहिराणीत भांडत. त्या पहाटे काटेरी तारेच्या अलीकडे सगळे पालथे पडलेले. "मी मातीमा तोंड खुपसेल व्हतू, अक्का. उठानं मन नही व्हतं. भिकानी मनी कॉलर धरी. म्हने, ऊठ रे नाना, आठेच मरशी का? नि तो पळना. मना पुढे. छातीवर गोळ्या लागन्यात नि तो तारवर पडना, पालथा. मी त्याना पाठवर पाय दिना नि तार वलांडी. तशी ती चौकी लिधी."

'आठेच', म्हणजे इथंच, मरायचंय का म्हणून भिका पुढे धावला, आणि पडला तेव्हा त्याच्याच पाठीवरून नानांनी तार ओलांडली.

भिकाचं प्रेत गावी आलं नाही, पोस्टाची तारच तेवढी आली. मग पेपरात आलं की हवालदार एकट्यानं पुढे गेला. भिकाच्या गावात लोकांनी हिशेब मांडला. हा एकटा पुढे, तर आपला भिका कुठे होता? मागे असणार. पळत असणार. पळताना पाठीत गोळी लागली असणार. 'पाठमा गोळी' हे त्याच्या म्हाताऱ्या आईला पाणवठ्यावर ऐकवलं जायचं, नळावर भांडण झालं की हमखास. नाना दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तिच्याकडे जात. गावात ओरडून सांगत की मी एकटा नव्हतो. लोक म्हणत, काय मोठ्या मनाचा माणूस!

"छापेल राहीनं म्हंजे कोनी बोलाव नही," नाना म्हणाले. "म्हनीसन पुस्तक." छापलेलं असलं की कोणी बोलणार नाही, म्हणून पुस्तक.

मी त्याच दिवशी प्राध्यापकांना गाठलं. खरं तर माझा तो अधिकार नव्हता. त्यांनी फार गोड आवाजात समजावलं. "बाई, नानांनी मला सगळं सांगितलंय. टेप आहे माझ्याकडे. पण चरित्राला नायक एकच असतो. आणि तो मुडद्याच्या पाठीवर पाय देऊन जातो, हे शाळेच्या ग्रंथालयात कसं ठेवायचं?"

"ते नका ठेवू. भिका पुढे होता, एवढं तरी ठेवा."

शेजारी आप्पासाहेब बसले होते. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही भोळ्या. आज पुस्तकात नाव टाकलं, की उद्या आपण कमान उभारली तर त्यांच्या वाड्यातली पोरं तिच्यावरही नाव मागतील. आणि आमच्या माणसानं त्यांच्या माणसाच्या पाठीवर पाय दिला, हे कळलं तर? मारामाऱ्या लावता का गावात?"

म्हणजे बघा. एकाला वाङ्मयाची काळजी, दुसऱ्याला शांततेची. भिकाची काळजी तेवढी मेल्यांतल्या कोणालाच नव्हती. मी मदनशेठांकडे आले, तर ते म्हणाले, "अक्का, गाढव." एवढंच. मी समजले. 'एकट्याने' तसाच राहिला. प्रूफावर माझी सही आहे.

फर्मे छापून झाले, म्हणजे पुस्तकाचे मोठे ताव मशीनवरून निघाले, आणि एक दिवस आप्पासाहेब घामाघूम होऊन हजर. मंत्र्यांच्या फोटोखाली 'श्री.' छापलं होतं. 'ना. श्री.' पाहिजे होतं. नामदार राहिलं! असा हाहाकार मी लढाईच्या पानावर नानांच्या तोंडावरही पाहिला नव्हता. पुन्हा छापायचं तर कागद नाही, वेळ नाही. मदनशेठ म्हणाले, "शेवटच्या फर्म्यात अर्धं पान कोरं आहे, शुद्धिपत्र टाकू."

शुद्धिपत्र म्हणजे आमच्या धंद्यातलं वरातीमागून घोडं. पुस्तक छापून झाल्यावर सापडलेल्या चुका शेवटी छापायच्या, 'अमुक पानावर अमुकऐवजी तमुक वाचावे.' लेखक त्याच्याकडे बघत नाहीत. प्राध्यापकही म्हणाले, "ते छापखान्याचं पाप. तुम्हीच निस्तरा, बाई."

निस्तरते, म्हटलं. अख्ख्या पुस्तकातलं तेवढं अर्धं पान माझं होतं. मी लिहिलं. पहिली ओळ नामदारांची. दुसरी, एका ठिकाणी उलटा पडलेला खिळा. आणि तिसरी, लढाईच्या पानाचा आकडा घालून, ''एकट्याने' ऐवजी 'सर्वांत पुढे असलेले व छातीवर गोळ्या झेलून धारातीर्थी पडलेले शिपाई भिका तानू अहिरे यांच्या पाठोपाठ' असे वाचावे.' कंपोझिटरनं काही न विचारता जुळवलं. वामनरावांनी वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज वाक्याच्या शेवटी हलला. 'पूर्णविराम' म्हणायचे विसरले.

नानांना मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा. मग म्हणाले, "छापेल शे ना?" छापलंय, म्हटलं. त्या दिवशी मला एवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! पिंप्राळ्याला घरी जाताना स्वतःशीच हसत होते. कशी जिरवली लेकांची!

प्रकाशन धरणगावला झालं. भर उन्हात नाना कोटावर पदकं लावून व्यासपीठावर बसले होते, घामानं भिजलेले. पुस्तकं वाटली गेली आणि सगळा मांडव पानं उलटू लागला. जो तो आपला फोटो शोधत होता. सापडला की शेजाऱ्याला दाखवायचा आणि पुस्तकानं वारा घ्यायचा. मंत्र्यांनी मात्र शेवटचं पान उघडलं. आप्पासाहेबांनी त्यांना 'ना.'चं आधीच सांगितलं असणार. मी टाचा उंचावल्या. त्यांनी 'ना.' बघितलं, मान डोलावली, मिटलं. नानांना बोलायला दोन मिनिटं मिळाली. ते माइकपुढे म्हणाले, "मी एकटा नव्हतो. भिका अहिरे माझ्या पुढे होता." टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक म्हणाला, "हाच तो विनय! हाच तो विनय, मित्रहो!"

मी आता नोकरी जाते, मग जाते म्हणून वाट पाहत राहिले. काही झालं नाही. प्राध्यापक आले ते दुसऱ्याच कामाला. आप्पासाहेब भेटले, हसले. कोणी वाचलंच नव्हतं! अख्ख्या जिल्ह्यात ती ओळ कोणाच्या डोळ्याखालून गेली नाही. पुढे नव्वदनंतर नाना वारले, कमान झाली, आणि त्या निमित्तानं पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, कॉम्प्युटरवर. तिच्यात फोटोखाली 'ना.' नीट बसवलं. ते गृहस्थ तेव्हा मंत्री राहिलेही नव्हते. आणि शुद्धिपत्राची आता गरज नाही म्हणून ते गाळलं. चीड येते हो. अजून येते.

पण माझी खरी जिरली ती त्याआधीच, प्रकाशनानंतरच्या रविवारी.

नाना मला घेऊन भिकाच्या गावी गेले. जळगावहून धुळे, तिथून दुसरी एस.टी. पुस्तक त्यांनी नव्या टॉवेलात गुंडाळलं होतं. भिकाची आई एवढीशी बाई, पण पाठ ताठ. तिनं अंगण सारवून ठेवलं होतं आणि गल्लीतल्या लोकांना बोलावलं होतं. नळावर बोलणाऱ्या बाया, पारावरचे म्हातारे, सगळे. "बठ्ठा बसा रे," ती म्हणाली, "मना पोऱ्यानं छापीसन उनं शे. वाच वं बाई."

पोराचं छापून आलंय म्हटल्यावर लोक दाटीनं बसले. तिनं पुस्तक हातात घेऊन आधी चाळलं. "भिकाना फोटू?"

"फोटो नाहीये, माय."

"बरं. वाच."

मी शेवटचं पान उघडलं आणि मथळा वाचला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "शुद्धिपत्र म्हंजे काय?"

मला काय वाटलं कोण जाणे, मी धंद्याची माहिती दिल्यासारखं सांगून गेले, "पुस्तक छापताना ज्या चुका होतात ना, त्या या पानावर असतात." मग नामदारांची ओळ वाचली, उलट्या खिळ्याची वाचली, आणि भिकाची. सावकाश, स्वच्छ.

म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "मना भिका चुकास्मा छापेल शे का?"

"नाही, नाही माय! चूक पुढे आहे. खरं इथं आहे."

"म्हंजे खोटं ते पुढे, मोठं, फोटूसंगे. नि खरं ते मांगे, बारीक?"

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी, पण ही माझी चूक तिनं काढली. तो म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला. "चला," म्हणाला, "नानास्नी सांगीसन टाकाले लायेल दिखस." नानांनी सांगून टाकायला लावलेलं दिसतंय. एकेक जण उठायला लागला.

तेव्हा नाना बोलले. इतकी वर्षं आखाजीला येऊन जे तिला सांगायची त्यांची छाती झाली नव्हती, ते सगळ्यांसमोर बोलले. "माय, त्यानी पाठमा गोळी नव्हती. त्यानी पाठवर मना पाय व्हता. तो तारवर पडना, मी त्यानावरथीन गयू."

उठलेले लोक थबकले. म्हाताऱ्यानं हात जोडले. "नाना, तुमी देवमानूस शेतस," तो म्हणाला. "दुसरानी अब्रूसाठे सोतावर असं कोन लेस?" आणि तो गेला. त्याच्यामागे बाकीचेही गेले. खरं सांगितलं, तेही विनयातच जमा झालं.

अंगणात आम्ही तिघंच उरलो. म्हातारी नानांसमोर येऊन बसली.

"कोनता पाय?" तिनं विचारलं.

नानांनी बूट काढला आणि उजवा पाय पुढे केला. एवढा पदकवाला माणूस, हुंदके देत होता. तिनं त्या तळव्यावर एक चापट मारली. जोरात, पोराला मारतात तशी. मग तिथंच हात ठेवून ती बसून राहिली.

निघताना तिनं पुस्तक टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात परत दिलं.

"हाई ली जाय, बाई," ती म्हणाली. "आठे ह्यानं काय काम?"